शाळेचा गांडूळ बेड : कापड झकास, शिलाई पोत्याची

आमच्या गावच्या शाळेनं घेतलेल्या गांडूळखताच्या बेडबद्दल, म्हणजे शेण-पाला भरून गांडुळांकडून खत करून घ्यायच्या कापडी हौदाबद्दल, लिहितेय. बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच, हिरवा, एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या विणलेल्या कापडाचा. ऑनलाइन मागवला, घरपोच १८५० रुपयांना पडला. दीड वर्ष वापरून मग लिहायला बसले. पार्सल फोडल्याबरोबर पाच चांदण्या देणाऱ्यांचं वाचूनच आम्ही तो घेतला होता. शेण भरल्यावर काय होतं ते त्यातल्या एकानंही लिहिलेलं नव्हतं.

कंपनीचं नाव देत नाही. तोच माल चार-पाच नावांनी विकायला असतो आणि फोटो मोठा करून पाहिला तर शिवणही सगळ्यांची सारखीच दिसते. मला भांडायचं नाही, शिवणीबद्दल बोलायचंय.

कारण मी टेलर आहे. परभणी जिल्ह्यात मानवत-पाथरीच्या पट्ट्यात आमचं गाव, वीस वर्षं झाली मशीनवर बसून. ब्लाऊज, फॉल-पिको, लेकरांचे गणवेश, कापूस वेचायच्या दिवसांत झोळ्या, आणि फाटलं-उसवलं ते सगळं. कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून आतली शिवण बघायची, ही सवय लागलेली आहे. लग्नात आहेराची साडी हातात दिली तरी आधी काठ उलटून बघते, सासूबाई त्यावरून बोलतात.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट ६४. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन हिस्से पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात, असं शिक्षण हक्काच्या कायद्यातच आहे. त्या निम्म्यात माझं नाव घातलं गेलं. पहिलं वर्ष सह्या करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर मोठ्या सरांनी परसबागेचा विषय काढला आणि त्यातून हा बेड निघाला. त्याआधी शाळेच्या मागं नुसता उकंडा होता. झाडून काढलेला पाला, खिचडीच्या भाजीची सालपटं, ताटात राहिलेला भात, वह्यांचे कागद, कुरकुऱ्याची पाकिटं, सगळं एकाच खड्ड्यात. कुत्री उकरायची, वारा सुटला की पाकिटं वर्गात.

पैसे संयुक्त शाळा अनुदानातून काढले. पट एकतीस ते शंभरच्या आत असला की वर्षाला २५ हजार, आणि त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेच्या कामाला लावायचे, असा हिशोब सरांनी बैठकीत सांगितला. म्हणजे अडीच हजार. बेड साडेअठराशेचा, उरलेल्यात गांडुळं. एवढा चोख बसलेला हिशोब बघूनच मला शंका यायला पाहिजे होती.

पार्सल सरांनी माझ्याच घरी मागवलं होतं, कारण दुपारी माझं दार उघडं असतं. मशीनच्या टेबलावर पसरलं तर खोली भरली. कापड दोन्ही हातांत धरून ताणलं, नखानं ओरबाडलं, एका कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून रात्रभर ठेवलं. एक थेंब खाली नाही. वीण दाट आणि आतून-बाहेरून प्लास्टिकचा थर व्यवस्थित बसलेला. दोन उन्हाळे झाले, हे कापड तडकलं नाही, भुगा झालं नाही, रंग थोडा उडाला तेवढंच. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, निळ्या ताडपत्र्या दोन वर्षांत पापडासारख्या मोडतात. त्यामुळं कापडाला पाचपैकी पाच देते आणि त्यात हात आखडता घेत नाही.

मग उलटं केलं.

तळ आणि भिंत जिथं जोडतात तिथं एकच टीप. तीही साखळी टाक्याची. युरियाच्या किंवा तांदळाच्या पोत्याचं तोंड ज्या टाक्यानं शिवतात तो हा टाका. पोतं उघडताना आपण काय करतो? बरोबर टोक शोधून ओढतो आणि सरसर सगळं उसवतं. पोत्याला तो टाका योग्यच आहे, कारण पोतं उघडायचं असतं. बेड उघडायचा नसतो. त्यात ओलं शेण भरायचं असतं. बांबू घालायला बाजूला सहा खिसे दिलेत, तेही तशाच एकेरी टिपेवर लटकलेले, वरून नवारपट्टी नाही की आडवा टाका नाही. मी साधी पिशवी शिवते तरी बंद लावताना चौकोन आणि त्यात फुली मारते, ते दहा किलो बाजारासाठी. इथं अर्ध्या टनाच्या वर वजन येणार.

दोरा बोटावर गुंडाळून पाहिला. पांढरा, चमकता, पोत्याचाच. कापडाला ऊन सोसायचं औषध मारलेलं असतं, तसं छापलेलंही होतं. दोऱ्याबद्दल कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

मी सरांना म्हणलं, "सर, भरायच्या आधी दोन दिवस माझ्याकडं राहू द्या. सगळीकडनं दुहेरी टीप मारून देते."

सर म्हणाले, "ताई, कंपनीनं काही विचार करूनच शिवलं असंल की. लेकरं रोज विचारायलीत, कधी भरायचा म्हणून."

आणि मी गप्प बसले. लग्नसराईचे ब्लाऊज पडून होते, मलाही दोन दिवस वाचले असंच वाटलं. ही चूक कंपनीच्या खात्यात टाकत नाही.

सोबत आलेला माहितीचा कागद इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत होता. चित्रं बरी होती. पण त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते सांगते, कारण तेच कामाचं आहे.

बांबू येत नाहीत. फोटोत दिसतात, पण येत नाहीत. आमच्या एका पालकाच्या रानात टोमॅटोला लावलेले बांबू होते, त्यातले सहा मिळाले. जमीन एका बाजूला उतरती लागते, नाहीतर पाणी निघायची जाळीदार नळी एका कोपऱ्यात आणि पाणी साचतंय भलत्याच कोपऱ्यात. चार बोटं उतार पुरतो. आणि आमच्यासारखी काळी माती असेल तर खाली मुरूम टाकून चोपून घ्या. आम्ही बेडखाली टाकला. बांबूंच्या खड्ड्यात टाकला नाही. ते पुढं येतंच.

जागा कडुनिंबाखाली निवडली, खिचडीच्या खोलीच्या पूर्वेला, दुपारनंतर पूर्ण सावली. हा निर्णय सरांचा, आणि दीड वर्षातला सगळ्यात चांगला. ऊन लागलेल्या बेडमध्ये गांडुळं टिकत नाहीत, पस्तीस अंशाच्या वर त्यांना सोसत नाही. वरून सावलीची जाळी लावली तरी खालून तापलेला वारा येतोच.

शेण ताजं टाकायचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक, पण शाळेतल्या लेकरांना नवीन होतं. चौथीच्या बाईंनी छान केलं. ताज्या शेणाच्या ढिगात लोखंडी सळई खोचून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एकेकाला हात लावायला सांगितलं. सळई चांगली गरम. मग लेकरांनीच ठरवलं की यात गांडुळं नाही सोडायची. पंधरा-वीस दिवस पाणी मारत, उलथत शेण थंड केलं. खाली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीचा भुसा, आणि वाळलेला पाला, त्यावर शेण, त्यावर परत पाला. वरून ओलं गोणपाट. शाळेच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचाही हिशोब ठेवावा लागतो, म्हणून गोणपाट प्रत्येकानं घरून आणलं. माझं पण एक आहे, त्याला मी शिवलेली लाल गोट आहे, लांबून ओळखू येतं.

ओल किती हवी ते मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या. मूठ आवळायची, गोळा झाला पाहिजे, बोटांतून एखादा थेंब आला तर चालतंय, धार आली तर जास्त झालं. "ज्वारीचं पीठ भिजवतो तसं की," म्हणाल्या. त्या कागदावरच्या टक्क्यांपेक्षा हे लेकरांच्या लवकर डोक्यात शिरलं.

आता गांडुळं. बेडसोबत अर्धा किलो गांडुळं मोफत असं पानावर लिहिलेलं होतं. ती आली. प्लास्टिकच्या डब्यात, सहा दिवसांच्या प्रवासानंतर. झाकण उघडल्यावर जो वास आला त्यावरून समजायचं ते समजलो. मोफतला एक चांदणीही जास्त होते. शेवटी शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडून ३०० रुपये किलोनं दोन किलो आणली, त्याच्याच बेडमधली, शेणासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर पाऊण तासात. सगळी जिवंत. जात तीच, आयसेनिया फेटिडा, लालसर, पट्ट्यापट्ट्यांची. आपल्या वावरात पावसाळ्यात निघतं ते गांडूळ वेगळं. ते खोल मातीत राहतं, बेडमध्ये ठेवलं तर थांबत नाही. आमच्या दोन पोरांनी बांधावरून वाटीभर धरून आणली होती, ती परत सोडायला लावली. ओळखीच्या माणसाकडून गांडुळं घ्या, तुमच्याच हवेत वाढलेली. पार्सलच्या भरवशावर राहू नका.

किलोत किती गांडुळं असतात यावर पाचवीच्या वर्गात पैज लागली. पाव किलोचा मोजून अंदाज काढायचं ठरलं, पण गांडुळं थांबत नाहीत आणि मोजणारी पोरं त्याहून थांबत नाहीत. दोनशेच्या पुढं गेल्यावर दोघांचं भांडण झालं, आणि बाईंनी त्या गणिताला तिथंच पूर्णविराम दिला.

पहिलं खत निघायला ऐंशी दिवस लागले. कागदावर पंचेचाळीस लिहिलेले होते. परभणीची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना नवल वाटणार नाही; डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटे बोटं वाकत नाहीत, गांडुळांनी तरी का घाई करावी. पण खत निघालं ते बघण्यासारखं. चहाच्या भुकटीसारखं, काळं, मोकळं, वास म्हणाल तर पहिल्या पावसाचा. पाणी देणं चार दिवस थांबवलं की वरचा थर सुकतो, गांडुळं खाली जातात, मग वरचं हातानं ओढून घ्यायचं. चाळणी म्हणून जुनी वाळू चाळायची जाळी. साधारण तीस-तीस किलोची आठ पोती भरली. बेड आम्ही निम्म्याच्या थोडा वरपर्यंत भरलेला होता.

ते सगळं परसबागेत गेलं. मेथी, पालक, चुका, शेपू, वांगी, एका कडेला शेवगा आणि कढीपत्ता. पुढच्या थंडीत करडई फक्त भाजीसाठी टाकली, कवळी खुडायची. खिचडीत चुका पडला त्या दिवशी एकाही ताटात भात राहिला नाही, हे मावशींचं म्हणणं. मावशी सहसा कौतुक करत नाहीत.

मार्चमध्ये बेड परत भरला, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फुटला.

दुपारच्या सुट्टीत दुसरीतल्या एका पोराला शिवणीचं सुटलेलं टोक दिसलं. त्यानं ते ओढलं. कुणीही ओढलं असतं. मी सांगते, मीही ओढलं असतं. सात वर्षांच्या लेकराला पोत्याचा दोरा ओढायला मिळाला तर तो ओढणारच. चार फुटांची रुंद बाजू तळापासून सुटली आणि ओलं शेण, खिचडीची सालपटं आणि गांडुळं त्याच्या चपलांवर. पोरगं रडत माझ्याच दारात आलं, कारण शाळेशेजारी पहिलं घर माझं. "काकू, बेड उसवला. शिवून द्या, सरांना सांगू नका."

जाऊन पाहिलं तर त्या बिचाऱ्यानं फक्त शेवट केला होता. दोरा उन्हानं इतका कुजका झाला होता की चिमटीत तुटत होता. झाडाची सावली होती, पण सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन त्या बाजूला पडायचं, तेवढं पुरलं. आणि सरांनी दुसरी गोष्ट दाखवली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बांबूंच्या बुडाशी दोन-दोन बोटं भेगा पडल्या होत्या, बांबू बाहेरच्या बाजूला कलले होते आणि सगळं वजन कापडावर, म्हणजे शिवणीवर आलं होतं. मी आधी नुसतं दोऱ्याला दोष देत होते. निम्मा दोष मातीचा आहे हे मान्य करते. मुरमाड रानात हाच बेड कदाचित आणखी एक उन्हाळा गेला असता. पण हा माल मराठवाड्यात विकायचा आणि काळ्या मातीचा विचार करायचा नाही, हेही बरोबर नाही. अर्धा मराठवाडा त्याच मातीवर उभा आहे.

कंपनीला फोन केला. तीन वेळा लागला. एकदा म्हणाले फोटो पाठवा, पाठवले. एकदा म्हणाले वॉरंटी कापडाला आहे. कापडाला काही झालेलं नव्हतं, त्यामुळं तो विषय तिथंच संपला.

मग दुरुस्ती. भरलेला बेड मशीनवर आणता येत नाही. त्यामुळं दाभण. मानवतला चपला शिवणाऱ्या काकांकडं गेले, त्यांना शिवणीचा तुकडा दाखवला. त्यांनी बघूनच मान हलवली आणि मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा दिला. "हा तुमच्यानंतरही राहील," म्हणाले. फाटलेल्या कडेला पट्टी लावायला त्याच जातीचं विणलेलं कापड हवं होतं, ते घरातच निघालं. युरियाचं रिकामं पोतं. दुहेरी घडी करून आतून-बाहेरून पट्टी आणि मधून मागं-पुढं टाका. तीन दुपारी कडुनिंबाखाली फतकल मारून बसले होते. शेणाचा अर्धा भाग पोरांनी घमेल्यानं दुसऱ्या बाजूला ओढला. चौथीतल्या दोन पोरी दाभणात दोरा ओवून द्यायला बसल्या, त्यातली एक आता माझ्याकडं रविवारी काज-बटण शिकायला येते. गांडूळखताच्या बेडला युरियाच्या पोत्याचं ठिगळ, यावर मोठे सर हसले, पण त्यांनी फोटो काढला तो दुसऱ्या बाजूनं.

सगळे सहा खिसेही नवारपट्टी घालून परत शिवले. बांबू उपटून खड्ड्यात मुरूम आणि विटांचे तुकडे ठासले. तेव्हापासून वर्ष झालं, एक टाका हललेला नाही. दाभण, दोरा, नवार मिळून १४० रुपये. हेच काम बेड रिकामा असताना मशीनवर दीड तासाचं होतं.

मे महिना हा शाळेच्या बेडचा खरा शत्रू आहे, शिवणीपेक्षाही मोठा. शाळेला सुट्टी, सर आपापल्या गावी, आणि बेडला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. दोन दिवस चुकलं तरी वरचा थर खापर होतो. पहिल्या मेमध्ये पाळ्या लावल्या होत्या. आठवडाभर सगळे आले, मग लग्नं सुरू झाली. गावात टँकर येत असताना गांडुळांना दोन बादल्या पाणी घालायचं, हे बघणाऱ्याला पटत नाही. मलाही एकेका दिवशी पटलं नाही. शेवटी भांडी धुतलेलं पाणी साबण वेगळा ठेवून वापरलं. मावशींनी राखेनं भांडी घासायला सुरुवात केली, तीही फक्त आपल्या घरची. निम्मी गांडुळं वाचली असावीत. तुमच्या शाळेशेजारी सुट्टीत थांबणारं एकही घर नसेल तर बेड घेऊ नका. एप्रिलमध्ये खत काढून, गांडुळं कुणा शेतकऱ्याच्या बेडमध्ये सांभाळायला देऊन जूनमध्ये परत आणणं हा दुसरा रस्ता. या वर्षी आम्ही तेच केलं. ३०० रुपये किलोवाल्यांनीच ठेवून घेतली, भाडं म्हणून दोन पोती खत.

पावसाळ्याचा त्रास उलटा. वरून पत्रा किंवा ताडपत्री नसली तर बेडचा हौद होतो. आणि मुंग्या. हळद टाका असं सगळे सांगतात. टाकली. दोन दिवस मुंग्या वळसा घालून गेल्या, तिसऱ्या दिवशी हळदीवरून गेल्या. वसमतच्या बाजाराचा भाव बघता मुंग्यांना हळद घालणं आपल्याला परवडणारं नाही. खरं कारण होतं खिचडी. उरलेला भात, तेल-मिठाचं, पोरं प्रेमानं गांडुळांना खाऊ घालत होती. ते बंद केलं, मुंग्या गेल्या. शिजलेलं अन्न, कांदा, लिंबू बेडमध्ये नाही. कच्च्या भाजीची सालपटं, केळ्याची साल बारीक करून, अंड्याची टरफलं चुरून, पाला आणि वहीचे कागद फाडून, एवढंच.

वहीचे कागद चालतात, हे मला माहीत नव्हतं. रेघांचा साधा कागद ओला करून टाकला की महिन्यात दिसत नाही. चकचकीत मुखपृष्ठ तसंच राहतं. म्हणून आता तीन पोती लावलीत: बेडचं, भंगारवाल्याचं, आणि तिसरं ज्याचं काहीच होत नाही त्याचं. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या भंगारवाला तोलून नेतो. कुरकुऱ्याची आतून चांदीसारखी पाकिटं तो हातात घेत नाही. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तू बंद झाल्या, पण हे पाच रुपयांचं पाकीट आमच्या दुकानात माळ करून टांगलेलं आहे ते आहेच. लेकरं शिकली काय? तर पाकीट तिसऱ्या पोत्यात टाकायला शिकली. खायची थांबली नाहीत.

चिंध्यांचा प्रयोग मात्र माझा. मशीनखाली रोज ओंजळभर कतरणी पडते. सुती ब्लाऊजपीसचे तुकडे बेडच्या एका कोपऱ्यात पुरले, सोबत खुणेला एक जुना सुती रुमाल, चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. अडीच महिन्यांनी उकरलं. रुमाल नव्हता. पण त्याची शिवण होती, सबंध, चौकोनी, पॉलिस्टरच्या दोऱ्याची, हातात धरली तर हवेचा रुमाल. लेकरांनी तो दोऱ्याचा चौकोन वर्गात खिळ्याला टांगलाय. बेड शिवणाऱ्यांनी निदान हा दोरा तरी वापरायचा होता.

आकाराबद्दल. बारा बाय चार हा शेतकऱ्याचा माप आहे, शाळेचा नाही. चौसष्ट लेकरांच्या शाळेतून रोज घमेलंभर कचरा निघतो, सुट्ट्या वजा जाता वर्षाचा हिशोब केला तरी त्यात हा बेड भरत नाही. आमचा बेड खरं तर गावच्या म्हशींनी भरलाय, शाळेनं वरून फोडणी दिली. ट्रॅक्टरची ट्रॉली फुकट देणारा पालक होता म्हणून जमलं. नवीन घेणाऱ्या शाळेनं याच्या निम्म्याचा घ्यावा. लेकराचा हात मधोमध पोचला पाहिजे. आमच्या पहिलीच्या पोरांचा कडेपर्यंतच पोचतो, त्यामुळं त्यांच्या वाट्याला नुसतं बघणं येतं.

गेल्या थंडीत आनंद मेळाव्यात पोरांनी दोन-दोन किलो खताच्या पिशव्या विकल्या, वीस रुपयाला एक. पिशव्या मी शिवल्या, उरलेल्या गणवेशाच्या कापडाच्या, निळ्या. चाळीस गेल्या. आमच्या घरच्यांनी पण दोन घेतल्या, दर वर्षी १८ मे ला कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला परभणीला जाऊन बियाणं आणणारा माणूस, तोही लेकरांशी भाव करत होता. त्या पैशातून नवीन खुरपी आणि झारी आली.

तर बेड घ्यावा का? घ्यावा. कापडासाठी घ्यावा. शेणाचं मापटं पुरवणारं गाव असेल आणि मेमध्ये सांभाळणारं कुणी असेल तर नक्की. एकूण तीन चांदण्या. पाच कापडाला, एक शिलाईला, सरासरी तुम्ही काढा. कंपनीला मी लिहून कळवलं होतं की मला नुसतं कापड कापून, न शिवता पाठवा, पैसे तेवढेच देते. उत्तर आलं की तसा माल उपलब्ध नाही.

बेड आल्या आल्या, भरायच्या आधी, गावच्या टेलरकडं न्या. तळाची शिवण दुहेरी, खिशांना नवार, दोरा जाड नायलॉनचा. मानवतच्या बाजूचे असाल तर माझ्याकडं आणा, शाळेचा असेल तर मजुरी घेत नाही. फक्त कोरा आणा. पलीकडच्या गावच्या एका सरांनी मागच्या महिन्यात वापरलेला आणला, नुसता झटकून. तीन दिवस बायका ब्लाऊज टाकायला दारापर्यंत यायच्या आणि नाकाला पदर लावून तिथूनच माप सांगायच्या.